खडकाळ डोंगरी ट्रेलसाठी एमटीबीचे (माउंटन बाईकचे) टायर: आधी केसिंग, मग रबर, नॉब सगळ्यात शेवटी

टायर घ्यायला गेलं की नवीन माणूस काय करतो, तर टायर हातात घेतो, नॉबवर म्हणजे टायरच्या उंचवट्यांवर अंगठा दाबून बघतो, मोठे मोठे दिसले की खूश होतो आणि घेऊन टाकतो. मातीच्या जंगली ट्रेलवर, म्हणजे पायवाटेवर, हे एक वेळ चालून जातं, पण झाडांची हद्द संपून वर नुसता दगड सुरू होतो ना, तिथे टायर फाटतो तो नॉबमुळे नाही, साईडवॉलमुळे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीमुळे फाटतो. म्हणून क्रम उलटा करा: आधी टायरचं अंग म्हणजे केसिंग बघा, मग रबर किती मऊ आहे ते बघा, आणि नॉबचं डिझाइन सगळ्यात शेवटी. आल्प्स असो की दुसरे कुठले डोंगर, खाली लिहिलंय ते खडक असेल तिथे सगळीकडे लागू पडतं.

मी हे इतकं ठासून का सांगतोय, तर माझ्या पहिल्या मोठ्या उतारावर मागचा टायर पाटीच्या दगडाने अंगठ्याएवढा चिरला होता. दुकानात मला सांगितलं होतं की हा ट्रेल टायर आहे, सगळीकडे चालतो. नॉब अगदी नवे होते, रबर पण चांगलं होतं, फक्त केसिंग पातळ. आतलं सीलंट म्हणजे भोक बुजवणारं द्रव भसाभसा बाहेर आलं, भोकात कोंबायची रबरी पट्टी म्हणजे प्लग, तोही पुरला नाही, आणि पुढचे दोन अडीच तास सायकल ढकलत खाली उतरलो, वरून ढग जमायला लागले होते. डोंगरात पंक्चर म्हणजे नुसता वैताग नसतो, उशीर झाला की हवामान आणि अंधार दोन्ही अंगावर येतात.

आधी स्वतःची सायकल मोजा

हे पाच मिनिटांचं काम आहे. टायरवर ६३-६२२ असा आकडा छापलेला असतो, त्यातला पहिला म्हणजे रुंदी मिमीमध्ये आणि दुसरा म्हणजे रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास. ६२२ म्हणजे २९ इंची चाक, ५८४ म्हणजे २७.५. हल्ली बऱ्याच सायकलींना पुढे २९ आणि मागे २७.५ असतं, ज्याला मलेट म्हणतात, तेव्हा दोन्ही चाकं वेगवेगळी बघा, एकावर बघून दोन टायर मागवू नका. मग रिमची आतली रुंदी बघा, साधारण २८ ते ३५ मिमी असेल तर २.४ ते २.५ इंची टायर त्यावर नीट बसतो. अरुंद रिमवर जाड टायर घातला तर तो फुग्यासारखा गोल होतो आणि वळणात डुलतो. शेवटी मागच्या फ्रेममध्ये आणि पुढच्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यात) जागा किती उरते ते बघा, दोन्ही बाजूंना ५-६ मिमी तरी मोकळं पाहिजे, कारण दगडातून जाताना चाक थोडं वाकतं आणि नॉबमध्ये खडे अडकून आत घासतात.

दगड कुठला आहे ते विचारा

सगळा खडक सारखा नसतो हे लोक विसरतात. ग्रॅनाइट खरखरीत असतो, आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या डोंगररांगेत तसा आहे, त्यावर टायर चिकटून राहतो, ओला असला तरी बऱ्यापैकी धरतो, पण तोच खरखरीतपणा रबर भराभर खातो. चुनखडी आणि तिच्या जातीचे दगड, म्हणजे इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांमधल्यासारखे, कोरडे असताना छान असतात, पण सुट्या तुकड्यांना धारदार कंगोरे असतात, आणि जिथे खूप पावलं पडून दगड गुळगुळीत झालाय तिथे पाऊस पडला की साबणासारखं. पाटीचा दगड म्हणजे स्लेट तर सगळ्यात वाईट, त्याच्या पातळ थरांच्या कडा सुरीसारख्या असतात आणि त्या बरोबर साईडवॉलवरच लागतात. जिथे जाताय तिथे आधी गेलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारा, टायर फाटतात की नुसती पंक्चर होतात. फाटतात म्हणाला तर केसिंग एक पायरी वरचं घ्या, जास्त विचार करू नका.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारा: वर कसे जाणार? लिफ्टने (डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याने) जाणार असाल तर वजनाची काळजी सोडा. पण पॅडल मारत बाराशे मीटर चढायचं असेल, मध्ये सायकल खांद्यावर घ्यायची असेल, तर दोन्ही टायरमध्ये प्रत्येकी ३०० ग्रॅमचा फरक पायांना कळतो.

केसिंग, इथे वेळ घालवा

टायरच्या आत कापडासारखा धाग्यांचा थर असतो, त्यावर रबर चढवलेलं असतं, ते म्हणजे केसिंग. एक थर असेल तर टायर हलका आणि लवचिक, दोन थर असतील तर जड, कडक, पण लवकर चिरत नाही आणि दगडावर आपटला तरी रिमपर्यंत सहजी दबत नाही. टीपीआय म्हणून जो आकडा लिहितात तो एका इंचात किती धागे आहेत तो आहे, १२० म्हणजे बारीक धागे, ६० म्हणजे जाड धागे. आकडा मोठा म्हणजे टायर चांगला असं अजिबात नाही, उलट मॅक्सिस कंपनीच्या डाउनहिल (नुसत्या उतारासाठीच्या) टायरमध्ये ६० टीपीआयचे दोन थर असतात आणि तो त्यांचा सगळ्यात दणकट टायर आहे.

प्रत्येक कंपनी आपापली नावं देते त्यामुळे गोंधळ होतो, म्हणून हलक्याकडून जडाकडे जाणाऱ्या पायऱ्या लक्षात ठेवा. मॅक्सिसमध्ये एक्सो, मग एक्सो प्लस, मग डबलडाउन, मग डीएच. श्वाल्बेमध्ये सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी, सुपर डाउनहिल. कॉन्टिनेंटलने सरळ नावं ठेवलीत, ट्रेल, एन्ड्युरो (चढायचं पण आणि अवघड उतार मारायचे पण, अशा रायडिंगसाठी), डाउनहिल. २९ इंची २.४-२.५ टायरचं वजन साधारण असं धरा: हलकं ट्रेल केसिंग १००० ग्रॅमच्या आसपास, मधलं ११००-१२००, एन्ड्युरोचं १२०० ते १३५०, आणि डाउनहिलचं त्याच्याही वर. वजन स्वतः काट्यावर बघा, छापलेल्या आकड्यापेक्षा ५० ग्रॅम इकडे तिकडे असतंच.

माझं मत सरळ आहे. खडकाळ डोंगरासाठी मागे एन्ड्युरो दर्जाचं केसिंग, म्हणजे डबलडाउन किंवा सुपर ग्रॅव्हिटी किंवा त्यांच्या बरोबरीचं, याच्या खाली जाऊ नका. पुढे एक पायरी हलकं चालतं, कारण दगडावरून जाताना तुमचं वजन मागे असतं, पुढचं चाक फोर्कवर तरंगतं आणि मार जास्त मागच्याला बसतो. तुमचं वजन ८५-९० किलोच्या वर असेल, किंवा ई-बाईक असेल, किंवा दिवसभर लिफ्टने वर जाऊन उतारच मारायचे असतील तर मागे डाउनहिल केसिंग घाला. आणि वजनाने अगदी हलके असाल, पंचावन्न साठ किलो, तर जाड केसिंग तुमच्याखाली दबतच नाही, दगडावर उड्या मारत जातं, अशा वेळी मधलं केसिंग आणि आत रिमभोवती घालायचा फोमचा इन्सर्ट हे जास्त बरं.

लोक एक्सोसारखा हलका टायर घेतात आणि पकड मिळावी म्हणून हवा कमी करतात, हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. हलकं केसिंग आणि कमी हवा या दोन गोष्टी दगडात एकत्र येऊ द्यायच्या नाहीत. जाड केसिंगची खरी गंमत हीच आहे की ते स्वतःच्या अंगावर उभं राहतं, त्यामुळे त्यात हवा थोडी कमी ठेवता येते आणि पकड वाढते. म्हणजे जड टायर फक्त फाटू नये म्हणून नाही, ग्रिपसाठी पण घ्यायचा असतो. हे मला कुणी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

अलीकडे रेडियल केसिंगचे टायर पण आलेत, श्वाल्बेने २०२४ मध्ये आणले. त्यात धाग्यांचा कोन वेगळा असतो, टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि दगडाचा आकार घेतो. हात लावून दाबले तर मऊ वाटतात म्हणून घाबरू नका, त्यात नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा ठेवायची असते.

रबर

नॉब दगडाला धरतात ते मुख्यतः मऊ रबरामुळे. मातीत नॉब रुतून पकड मिळते, पण दगडात काय रुतणार, तिथे रबराने दगडाच्या बारीक खरखरीत भागाला चिकटायचं असतं. म्हणून मऊ आणि हळू उसळणारं रबर लागतं, जे दगडावर आदळल्यावर चेंडूसारखं उडत नाही. मॅक्सिसमध्ये मॅक्सग्रिप सगळ्यात मऊ, मॅक्सटेरा मधलं. श्वाल्बेच्या टायरवर मधोमध रंगीत रेघ असते, जांभळी म्हणजे अल्ट्रा सॉफ्ट, नारिंगी म्हणजे सॉफ्ट. कॉन्टिनेंटलचं सुपरसॉफ्ट, सॉफ्ट आणि एन्ड्युरन्स. मऊ रबर चढाला ओढून धरतं आणि लवकर झिजतं, हे मान्य करूनच घ्यायचं.

नव्या माणसाने पुढे सगळ्यात मऊ आणि मागे मधलं रबर घालावं. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते आणि बहुतेक वेळा सावरता येते, पुढचं घसरलं तर तुम्ही सरळ दगडावर. शिवाय मागचा टायर ब्रेकमध्ये आणि चढावर दोन्हीकडे झिजतो, तिथे सगळ्यात मऊ रबर घातलं तर काही आठवड्यांत मधले नॉब गोल झालेले दिसतील. अजून एक, थंडीत रबर कडक होतं. सकाळी सकाळी सावलीतल्या उतारावर निघालात तर पहिली दहा मिनिटं टायर दुपारसारखा धरेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता नॉब

इथे फार डोकं खाऊ नका. चिखलासाठीचे उंच, दूरदूर असलेले टोकदार नॉब दगडावर वाकतात, आणि नॉब वाकला की सायकल क्षणभर बाजूला सरकल्यासारखी वाटते, ब्रेक मारताना तर मुळापासून फाटतात पण. दगडासाठी मध्यम उंचीचे, रुंद पायाचे, जरा जवळजवळ असलेले नॉब हवेत, म्हणजे एका वेळी जास्त रबर दगडाला टेकतं. बाजूचे नॉब भक्कम हवेत, अंगठ्याने बाहेरच्या बाजूने ढकलून बघा, सहज दुमडले तर नको. मागच्या टायरच्या नॉबना ब्रेकसाठी सरळ उभी कडा हवी.

पुढे मॅक्सिसचा असेगाय आणि मागे डीएचआर टू ही जोडी डोळे मिटून चालते. असेगाय हा ग्रेग मिनारबरोबर बनवलेला टायर, २०१८ मध्ये आला, मिनार चार वेळा डाउनहिलचा विश्वविजेता आहे, आणि त्याच्या दक्षिण आफ्रिकेकडच्या भाल्याचं नाव टायरला दिलंय. श्वाल्बेमध्ये पुढे मॅजिक मेरी मागे बिग बेटी, कॉन्टिनेंटलमध्ये क्रिप्टोटलचा पुढचा आणि मागचा असे वेगळे टायरच मिळतात. यातली कुठलीही जोडी घ्या, त्यांच्यात जेवढा फरक आहे त्याहून कितीतरी जास्त फरक केसिंग चुकलं तर पडतो. एकाच नावाचा टायर चार केसिंगमध्ये मिळतो, म्हणून नाव बघून घेऊ नका, बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

रुंदीचं सांगायचं तर पुढे २.५ आणि मागे २.४ पुरेसं आहे. त्याहून जाड टायर दगडांच्या फटीत अडकतो आणि जड होतो.

बसवणं आणि सीलंट

ट्यूबलेसच करा, खडकात ट्यूब घालून जाण्यात अर्थ नाही, दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटली की दोन भोकं पडतात, सापाने चावल्यासारखी. टायरवर बाण असतो, चाक पुढे फिरेल त्या दिशेला तो ठेवा. बसवताना व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरू करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा, आणि टायरची कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत जा, मग शेवटचा हातभर भाग हाताने चढतो. जाड केसिंगचे टायर खरंच घट्ट असतात, घाई केलीत तर लिव्हरने रिमची टेप फाटते आणि मग हवा कुठून जातेय ते शोधत बसाल. कडा बसताना टक टक असा आवाज येतो. टायर आणि रिम दोघांवर जास्तीत जास्त हवेचा आकडा लिहिलेला असतो, दोन्हीतला जो लहान तो पाळा.

सीलंट २९ इंची टायरला १०० ते १२० मिली घाला, कंजूषी करू नका. दोन तीन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून आत काडी घालून बघा, सुकलं असेल तर परत भरा.

आत फोमचा इन्सर्ट घालायचा का? मागे घाला असं मी सांगेन, जर रिमवर आधीच ठोके पडलेले असतील तर. तो रिम वाचवतो आणि वळणात टायरला आधार देतो. पण तो असला की वाटेत ट्यूब घालणं हा मोठा व्याप होतो, कारण चिकचिकीत इन्सर्ट काढून पाठीवर न्यावा लागतो. जाड केसिंग आणि योग्य हवा असेल तर नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून त्याची गरज नसते.

हवा किती

सगळ्यात आधी छोटा डिजिटल गेज घ्या. पायपंपावरचा काटा एवढ्या कमी दाबाला नीट दाखवत नाही, आणि दोन वेगवेगळे गेज दोन वेगळे आकडे दाखवतात, म्हणून कायम एकच वापरा. सामान धरून ७५ किलोच्या माणसाने एन्ड्युरो केसिंगमध्ये पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी. वजन आठ दहा किलोने वाढलं की दोन्हीकडे एक एक वाढवा. केसिंग हलकं असेल तर दोन तीन वाढवा.

मग असं करा: दहा मिनिटांचा, दगड असलेला एक तुकडा निवडा आणि तोच तीन चार वेळा मारा, प्रत्येक वेळी एकच पीएसआय बदला. सायकल दगडावरून टणाटण उडत असेल, तळहात झिणझिणत असतील तर हवा जास्त आहे. रिम दगडावर आपटल्याचा टण्ण आवाज आला, किंवा वळणात टायर खाली दुमडतोय असं वाटलं, किंवा टायर आणि रिमच्या सांध्यात सीलंटचे ओले डाग दिसले तर कमी आहे. दिवसात एखादा हलका ठोका लागला तर ठीक, दर उतारावर लागत असेल तर वाढवा. आकडा सापडला की मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कोरड्याला वेगळा आणि ओल्याला वेगळा, ओल्यात एक दोन कमी चालतो.

उंचीचा परिणाम फारसं कुणी सांगत नाही. वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते आणि टायरमधली हवा तेवढीच राहते, म्हणून गेजवर आकडा वाढतो. १००० मीटरवर भरलेला टायर २५०० मीटरवर साधारण दोन पीएसआय जास्त दाखवेल. पण वर थंडी असते, हवा थंड झाली की दाब उतरतो, दहा बारा अंश तापमान पडलं तर दीड पीएसआयच्या आसपास, त्यामुळे थंड दिवशी बराचसा हिशोब आपोआप जुळतो. उन्हाच्या दिवशी मात्र जुळत नाही, टायर कडक वाटतो आणि माणूस म्हणतो आज माझं रायडिंगच बिघडलंय. तेव्हा वर पोचल्यावर, उतार सुरू करायच्या आधी, परत एकदा गेज लावा. खूप खाली उतरून आलात की तोच टायर आता मऊ झालेला असतो, आणि उताराच्या शेवटच्या टप्प्यात रिमला ठोके बसतात ते बऱ्याचदा यामुळे.

बरोबर काय न्यायचं

प्लगची सुई आणि जाड पातळ दोन्ही पट्ट्या, छोटा पंप (गॅसची नळी असली तरी पंप हवाच, नळी एकदाच चालते), टायर लिव्हर, एक ट्यूब, आणि चिरलेल्या साईडवॉलला आतून लावायला जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा. प्लग पुरत नाही एवढी चीर असेल तर तो तुकडा आत लावून ट्यूब घाला आणि हळू उतरा. ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून हात फिरवून काटे आणि दगडाचे तुकडे काढा, सावकाश फिरवा, बोट कापतं. बराच लांब रस्ता उरलेला असेल तर जाड सुई आणि मजबूत दोरा पण ठेवा, चीर आधी शिवून घेतली तर ट्यूब बाहेर फुगून येत नाही.

संध्याकाळी परत आलात की चाक हाताने फिरवून दोन्ही साईडवॉल बघा. धागे दिसायला लागलेत, कुठे फुगवटा आलाय, किंवा बाजूच्या नॉबच्या मुळाशी भेगा पडल्यात तर तो टायर उद्या डोंगरावर न्यायचा नाही. नॉब नुसते गोल झालेत पण साईडवॉल धड आहे, असा पुढचा टायर मागे लावा आणि पुढे नवा घाला. रिमची कडा वाकली असेल तर ती त्याच रात्री बघा, ॲल्युमिनियमची थोडी वाकलेली कडा पकडीत कापड धरून हळूहळू सरळ करता येते, कार्बनच्या रिमला तडा दिसला तर त्यावर परत बसू नका.